मिथेनचा देशाचा आकडा सुधारायचा तर वजनकाट्यापासून सुरुवात करा: माणसं कशी तयार करायची, पायरी पायरीने

मुंबई आणि आसपासच्या महापालिकांमधल्या लोकांना मी कचऱ्याचा डेटा आणि मिथेनचा हिशोब शिकवतो, आणि पहिल्या चहाच्या ब्रेकमध्ये हमखास कुणीतरी येऊन विचारतंच की सर, देशाच्या उत्सर्जनाचा रिपोर्ट दिल्लीत बनतो, तिथून बाहेर जातो, मग आमच्या वॉर्डचा त्यात काय संबंध? प्रश्न अगदी रास्त आहे. चहा संपेपर्यंत त्याचं धड उत्तर देऊन होत नाही, म्हणून हे सगळं एकदा बैजवार लिहून काढतोय. महापालिकेतले इंजिनियर, पर्यावरण खात्यातले लोक, कॉलेजात हा विषय शिकवणारे, संस्थांमध्ये काम करणारे, सगळ्यांना उपयोगी पडेल असं बघितलंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. मिथेन हवेत जेमतेम १२ वर्षांच्या आसपास टिकतो, पण तेवढ्यात भरपूर उष्णता धरून ठेवतो, १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट आणि २० वर्षांच्या हिशोबात ८० पटीच्या आसपास. म्हणजे आज एखादी गळती थांबवली तर त्याचा फायदा आपल्याच हयातीत दिसतो. २०२१ मध्ये ग्लासगोला ग्लोबल मिथेन प्लेज, म्हणजे मिथेन कमी करण्याचं देशांचं ऐच्छिक वचन, झालं, भारत त्यात सामील नाही, कारण आपला बराचसा मिथेन भातशेती आणि जनावरांतून येतो आणि तो लहान शेतकऱ्याच्या पोटापाण्याचा विषय आहे ही सरकारची भूमिका. ती बाजूला ठेवू. पण यूएनएफसीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा हवामान करार, आणि त्यातलाच पॅरिस करार, यांच्याखाली रिपोर्ट देणं ही आपली जबाबदारी आहेच, आणि भारताने ३० डिसेंबर २०२४ ला चौथा द्वैवार्षिक अहवाल, ज्याला सगळे बीयूआर-४ म्हणतात, तो सादर केला. त्यात २०२० सालचं एकूण उत्सर्जन सुमारे २९५.९ कोटी टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं दाखवलंय आणि त्यात मिथेनचा वाटा १३ टक्क्यांच्या थोडा वर.

हा आकडा बनतो कसा? सगळी गंमत दोन गोष्टींच्या गुणाकारात आहे. किती कचरा, किती म्हशी, किती हेक्टर भात, किती टन कोळसा, ही झाली एक बाजू, आणि त्या प्रत्येकामागे किती मिथेन निघतो हा गुणांक म्हणजे दुसरी बाजू. गुणांकावर मोठ्या संस्था काम करतात, कोळशासाठी धनबादची खाण आणि इंधन संशोधन संस्था सीआयएमएफआर, कचऱ्यासाठी आपल्या नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था नीरी. पण पहिली बाजू कोण देतं? काट्यावरचा ऑपरेटर, मुकादम, तबेल्याची मोजणी करणारा पशुधन पर्यवेक्षक, सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या लॅबमधला केमिस्ट. दिल्लीतल्या एक्सेलमध्ये कितीही हुशार माणूस बसवला तरी त्याच्याकडे येतं ते यांच्याच वहीतलं. त्यामुळे क्षमता वाढवायची म्हणजे नक्की कुणाची, हे आधी ठरवा.

पायरी १: आकडा कुणाच्या हातून जातो त्याची साखळी काढा

एक मोठा कागद घ्या आणि तुमच्या शहरातला एक टन कचरा घरापासून कचराभूमीपर्यंत जाताना कुठे कुठे लिहिला जातो ते काढा. मुंबईत बघा, घंटागाडी किंवा कॉम्पॅक्टर, मग काही कचरा कुर्ला किंवा महालक्ष्मीसारख्या ट्रान्स्फर स्टेशनवर, तिथून मोठ्या गाडीत, मग कांजूर किंवा देवनार कचराभूमीचा काटा, मग रोजचा रिपोर्ट, महिन्याचा रिपोर्ट, वर्षाचा पर्यावरण अहवाल, मग राज्य, मग केंद्र. प्रत्येक टप्प्यावर तीनच गोष्टी लिहा: नोंद कोण करतं, कशावर करतं, आणि पुढे कुणाला पाठवतं. बऱ्याच ठिकाणी लक्षात येतं की तोच कचरा दोनदा मोजला जातोय, किंवा डेब्रिज आणि गटाराचा गाळ ओल्या कचऱ्याच्याच खात्यात चाललाय. दगडमातीतून मिथेन निघत नाही, त्यामुळे ही चूक नुसती कागदावरची राहत नाही, सरळ आकड्यात उतरते.

हे काम दोन दिवसांत होतं. यासाठी कन्सल्टंट लागत नाही.

पायरी २: वजनकाट्यावर जाऊन उभे राहा

मुंबईच्या जवळच्याच एका पालिकेच्या काट्यावर काही वर्षांपूर्वी सकाळी सहापासून बसलो होतो, नाव नको. पत्र्याची केबिन, छोटा पंखा, एक मॉनिटर, आणि रजिस्टर. तीन महिन्यांची पानं उलटली तर प्रत्येक डंपरचं रिकामं वजन तेच, ४,२०० किलो. जुनी गाडी, नवी गाडी, भर पावसात चिखलाने माखलेली गाडी, सगळ्यांचं ४,२००. रविवारचे आकडे शनिवारसारखेच. काट्यावरचा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा असेल, त्याला विचारलं तर अगदी सरळपणे म्हणाला, "सर, रिकामी गाडी परत काट्यावर घ्यायची तर रांग लागते, मागून हॉर्न वाजतात, साहेब ओरडतात. आणि मधे काटा बंद होता तेव्हा गाड्या मोजून सरासरी टाकायचो." त्याची काहीच चूक नव्हती हो. हा आकडा पुढे कुठे जातो, कशासाठी वापरतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि काटा बंद पडला तर काय करायचं याची लेखी सूचनाही नव्हती.

आम्ही मग त्याच्याबरोबर बसून पाच नियम केले आणि तेच मी आता सगळीकडे सांगतो. प्रत्येक गाडीचं रिकामं वजन महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष घ्यायचं, रांग नसते त्या वेळात. मागच्या वेळेपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर रजिस्टरमध्ये गाडी नंबरसमोर लाल खूण आणि कारण. काटा बंद असेल तर आकडा टाकायचा पण शेजारी "अंदाज" असं स्पष्ट लिहायचं, हा नियम सगळ्यात महत्त्वाचा, कारण अंदाज असणं हा गुन्हा नाही, अंदाज लपवणं घातक. गाडीत काय आहे याचा कोड, ओला, मिश्र, डेब्रिज, गाळ, झाडाच्या फांद्या, एवढे पाच पुरतात. आणि पाचवं, वैधमापन खात्याचा वार्षिक शिक्का कधी संपतो ती तारीख केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लावायची.

याला खर्च किती? जवळजवळ शून्य.

पायरी ३: ढिगात नक्की काय आहे ते बघा

मुंबईच्या कचऱ्यात ओला भाग सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो असं आपण सहज म्हणतो, पण तुमच्या शहराचा आकडा तुम्हीच काढा. पद्धत जुनी आणि सोपी आहे: वेगवेगळ्या भागांतून आलेल्या गाड्यांमधला कचरा ताडपत्रीवर एकत्र करा, नीट कालवा, गोल ढीग करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा आणि बाकीचे टाका, असं करत करत शंभरेक किलोवर आणा आणि मग हाताने वेगळं करून प्रत्येक प्रकार तोला. ग्लोव्हज, बूट, मास्क सगळ्यांना, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते आधी विचारा. वर्षातून एकदा केलं तर फसाल. मे महिन्यात आंब्याच्या साली आणि कोयी, जुलैत पाण्याने भिजून जड झालेला कागद, गणपतीत निर्माल्य, दिवाळीत पुठ्ठा. निदान तीन वेळा करा, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. झोपडपट्टी, चाळ, टॉवर आणि मार्केट यांच्या गाड्या वेगळ्या घ्या, दादर मार्केटची गाडी आणि पवईच्या सोसायटीची गाडी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पायरी ४: हिशोब हाताने करायला शिकवा, सॉफ्टवेअर नंतर

ट्रेनिंगमध्ये बहुतेक लोक थेट सॉफ्टवेअर उघडतात आणि मग समोरचे माना डोलावतात पण कळत कुणालाच काही नाही. मी आधी फळ्यावर एकच उदाहरण करून घेतो, सगळ्यांना मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढायला लावतो, आणि हे उदाहरण केल्यावर माणसांचे चेहरे बदलतात.

एक टन ओला कचरा, म्हणजे १,००० किलो. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची शास्त्रज्ञांची समिती, तिच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत अन्नाच्या कचऱ्यात कुजू शकणारा कार्बन १५ टक्के धरलाय, म्हणजे १५० किलो. त्यातला अर्धाच प्रत्यक्षात कुजतो असं धरतात, राहिले ७५. आता साइट कशी आहे ते बघायचं, पाच मीटरपेक्षा खोल आणि नीट मॅनेज न केलेली असेल तर ०.८ ने गुणायचं, ६० किलो. निघणाऱ्या गॅसमध्ये निम्मा मिथेन, ३० किलो कार्बन. कार्बनचा मिथेन करायला १६ भागिले १२ ने गुणायचं, झाले ४० किलो. एक टन ओल्या कचऱ्यामागे ४० किलो मिथेन! २८ ने गुणा, १,१२० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे. म्हणजे टनाला टनाच्या वर.

आता गंमत बघा. फॉर्ममध्ये साइटचा प्रकार म्हणून एक खूण करायची असते. उथळ आणि मॅनेज न केलेली म्हणून खूण केली तर गुणांक ०.४ आणि उत्तर २० किलो. नीट थर देऊन, दाबून, झाकून ठेवणारी साइट म्हणून खूण केली तर गुणांक १ आणि उत्तर ५० किलो. एका खुणेवर अडीच पट फरक, आणि ती खूण बऱ्याचदा असा माणूस करतो ज्याने साइट पाहिलेलीच नाही. लोकांना हे ऐकून धक्का बसतो की चांगल्या साइटला जास्त मिथेन कसा, तर कारण सरळ आहे, कचरा जितका खोल आणि घट्ट दाबलेला तितकी हवा कमी आणि हवा नसली की मिथेन जास्त. म्हणूनच चांगल्या साइटला गॅस गोळा करण्याची सोय लागतेच.

दुसरी गोष्ट वेळेची. आज टाकलेला कचरा आजच मिथेन सोडत नाही, वर्षानुवर्षं सोडतो, म्हणून दरवर्षी किती कुजतो त्याचं मॉडेल वापरतात. उष्ण आणि दमट हवामानात अन्नाच्या कचऱ्यासाठी वर्षाचा दर ०.४ धरतात, म्हणजे पहिल्या वर्षात ३३ टक्के, तीन वर्षांत ७० टक्के, पाच वर्षांत ८६ टक्के काम तमाम. थंड, ओल्या प्रदेशासाठी तोच दर ०.१८५ आहे. बाहेरून आलेल्या तयार एक्सेलमध्ये कधी कधी थंड प्रदेशाचाच दर तसाच राहिलेला असतो आणि मुंबईचा कचरा कागदावर युरोपच्या वेगाने कुजत राहतो. शिकणाऱ्यांना मी मुद्दाम अशी चूक घातलेली फाइल देतो आणि शोधायला लावतो, अर्ध्या तासाच्या लेक्चरपेक्षा हे जास्त डोक्यात बसतं.

आणि मॉडेलला जुना डेटा लागतो, आयपीसीसी म्हणते शक्यतो ५० वर्षांचा. देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय. जुनी रजिस्टरं शोधा, निवृत्त मुकादमांना भेटा, लोकसंख्येवरून मागचा अंदाज बांधा, पण काय केलंत ते लिहून ठेवा.

शिकवण्यासाठी मुंबईसारखं गाव नाही, एका दिवसात चार वेगवेगळे प्रकार दाखवता येतात. देवनार म्हणजे वर्षानुवर्षं उघड्यावर रचलेला खोल ढीग, जिथे जानेवारी २०१६ ला मोठी आग लागून धूर उपग्रहांतूनही दिसला होता. जळालेला कचरा मिथेनच्या हिशोबातून वजा होतो आणि उघड्यावर जळण्याच्या वेगळ्या रकान्यात जातो, त्यामुळे आगीची नोंद हीसुद्धा मिथेनचीच नोंद. मुलुंडला २०१८ मध्ये कचरा टाकणं बंद झालं आणि बायोमायनिंग सुरू झालं, तिथे उकरून नेलेला माल मॉडेलमधून कमी करावा लागतो. गोराई शास्त्रोक्त बंद करून, वर थर देऊन गॅस काढायची व्यवस्था केली, तिथे गोळा केलेला गॅस वजा करायचा, पण फक्त मीटरवर मोजलेलाच. मीटर बंद असेल तर वजा शून्य, इथे कुणाचाही "साधारण एवढा असेल" चालवून घेऊ नका. आणि कांजूरला, कचऱ्यात ओलावा खेळवून तो लवकर कुजवणारी, बायोरिअ‍ॅक्टर पद्धत आहे.

हे सगळं हाताने जमलं की मग आयपीसीसीचं मोफत सॉफ्टवेअर उघडा, एका दिवसात येतं.

पायरी ५: प्रत्यक्ष मोजा, पण मोजणीचा अर्थ समजून

आधी सेफ्टी. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, आणि लीचेटच्या, म्हणजे कचऱ्यातून पाझरणाऱ्या घाण पाण्याच्या, मॅनहोलमध्ये त्याच्याबरोबर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅसही असतो. मॅनहोलमध्ये कुणीही उतरायचं नाही, डोकावायचंही नाही. एकट्याने साइटवर फिरायचं नाही, सिगारेट बंद. हे पहिल्या दिवशी, पहिल्या तासात.

सगळ्यात स्वस्त आणि शिकवायला उत्तम म्हणजे चेंबर पद्धत, सोप्या भाषेत जमिनीवर उलटी ठेवलेली बादली. कडेने माती दाबून बंद करायची, आत मिथेन किती वेगाने वाढतो ते बघायचं. समजा चेंबरची उंची ३० सेंटीमीटर आहे आणि दर मिनिटाला १०० पीपीएमने (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती) वाढ होतेय, तर एका चौरस मीटरमधून दिवसाला साधारण २८ ग्रॅम मिथेन निघतोय. नवीन शिकणारे इथे दोन चुका करतात. एक, डिटेक्टरवर दिसणारा पीपीएम हाच उत्सर्जनाचा आकडा समजतात. पीपीएम म्हणजे हवेत मिथेन किती आहे, निघतोय किती ते नाही, वारा पडला की तोच झरा दसपट पीपीएम दाखवेल. दोन, एका जागेचा आकडा अख्ख्या साइटच्या क्षेत्रफळाने गुणतात. कचराभूमीतला गॅस समान येत नाही, भेगांमधून, उतारावरून, नुकताच थर उकरला तिथून भसाभस येतो आणि दहा पावलांवर काहीच नाही. म्हणून आधी लेझर डिटेक्टर घेऊन ओळीने चालायचं, नकाशा करायचा, जास्त, मध्यम, कमी असे पट्टे पाडायचे आणि प्रत्येक पट्ट्यात चेंबर ठेवायचे.

वाऱ्याच्या दिशेला गाडीतून मोजायचं असेल तर मुंबईचा वारा समजून घ्यावा लागतो. दुपारी समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो आणि कांजूरचा सगळा गॅस ठाणे खाडीवर जातो, तिकडे गाडी न्यायला रस्ताच नाही. हिवाळ्यात रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे उलटा वाहतो, तेव्हा तो गॅस हायवेच्या बाजूला येतो. विक्रोळीत कन्नमवार नगरच्या लोकांना विचारा, वास कधी येतो ते त्यांना कुठल्याही यंत्रापेक्षा नीट माहीत आहे. मिथेनला स्वतःला वास नसतो, वास त्याच्याबरोबरच्या गॅसचा, पण वारा कुठून येतोय ते त्यावरून पक्कं कळतं. मी तर म्हणतो मोजणीची तारीख ठरवताना आजूबाजूच्या रहिवाशांना सोबत घ्या, ते रोज त्या हवेत राहतात, त्यांचाही या आकड्यावर हक्क आहे.

हवेचा दाब उतरला की ढिगातला गॅस जास्त बाहेर येतो, म्हणून प्रत्येक मोजणीबरोबर तारीख, वेळ, दाब, तापमान, वारा, आदल्या दिवशीचा पाऊस लिहायचाच. यंत्राचं कॅलिब्रेशन मोजणीच्या आधी आणि नंतर. यंत्र घ्यायला पैसे मिळतात पण कॅलिब्रेशन गॅसच्या सिलिंडरला मिळत नाहीत आणि मग लाखांचं यंत्र कपाटात धूळ खातं, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता प्रस्तावातच तीन वर्षांच्या गॅस, दुरुस्ती आणि सुट्या भागांचा खर्च घातल्याशिवाय मी सही करत नाही.

पायरी ६: उपग्रह काय सांगतो ते वाचायला शिका, घाबरू नका

२०२२ मध्ये एक अभ्यास आला, ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या चार शहरांचा. उपग्रहावरच्या ट्रोपोमी नावाच्या उपकरणाने मोठा भाग बघायचा आणि जीएचजीसॅट या दुसऱ्या उपग्रहांनी बारकाईने नेमकी जागा शोधायची अशी पद्धत होती. चारही शहरांचं उत्सर्जन तेव्हाच्या हिशोबांपेक्षा १.४ ते २.६ पट निघालं, आणि मुंबईतल्या कचराभूमीसाठी ताशी सुमारे ९.८ टन असा आकडा आला. बातम्या झाल्या, आणि अशा वेळी खात्यांची पहिली प्रतिक्रिया असते की उपग्रह चुकीचा आहे. मला वाटतं हीच खरी क्षमता तपासायची वेळ असते. चूक कुणाची हे नंतर, आधी हिशोब लावून बघा.

लावूया. ९.८ टन ताशी, वर्षाचे ८,७६० तास, म्हणजे साधारण ८५,८०० टन. आता आपलं मॉडेल. समजा एखाद्या साइटवर रोज ५,००० टन कचरा येतो, ७० टक्के ओला, आणि साइट मॅनेज केलेली म्हणून टनाला ५० किलो. वर्षाला सुमारे १२.८ लाख टन ओला कचरा, म्हणजे काही वर्षांनी ६४,००० टनांच्या आसपास मिथेन, तोही कागद, लाकूड, कापड न धरता आणि गोळा केलेला गॅस वजा न करता. आकडे एकाच पट्टीतले आहेत की नाही? फरक आहे, पण तो समजून घेता येण्याजोगा आहे. उपग्रह ठरावीक वेळीच वरून जातो, ट्रोपोमी तर दुपारी दीडच्या सुमारास, ढग असतील तर दिसत नाही म्हणजे आपला अख्खा पावसाळा गेला, आणि समुद्राच्या पाण्यावर मोजणी अवघड. काही दिवसांच्या दुपारचा आकडा वर्षभराला गुणणं हा अंदाजच. पण आपला ७० टक्के, आपले ५,००० टन, आपला गोळा केलेला गॅस हेही तपासून घ्यायला हवं की नको?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाखाली मार्स नावाची यंत्रणा आहे, उपग्रहात मोठी गळती दिसली की संबंधित देशाला कळवते. तुमच्या राज्यात अशी सूचना आली तर ती कुणाच्या टेबलावर जाते, तो माणूस किती दिवसांत साइटवर पोचतो, काय बघतो, कुणाला उत्तर देतो, हे आधीच लिहून ठेवा. वर्षातून एकदा लुटुपुटूची सूचना काढून सराव करा, अग्निशमन दल करतं तसा.

पायरी ७: कचऱ्यापलीकडे

देशाचा मोठा मिथेन जनावरांतून येतो, त्यामुळे मुंबईकरांनी तबेल्यातही डोकावावं. आयपीसीसीच्या २००६ च्या तक्त्यात म्हशीला वर्षाला ५५ किलो मिथेन धरलाय. पण गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यातली दूध देणारी मुऱ्हा म्हैस बघा. ती दिवसाला समजा १४ किलो कोरडा चारा आणि पेंड खाते, किलोमागे १८.४५ मेगाज्यूल ऊर्जा, म्हणजे २५८ मेगाज्यूल, त्यातले ६.५ टक्के मिथेनमध्ये जातात, एक किलो मिथेनमधल्या ऊर्जेने, ५५.६५ ने, भागलं की दिवसाला ३०० ग्रॅमच्या वर, वर्षाला ११० किलो. नेमकं दुप्पट! आणि विदर्भातल्या कोरडवाहू गावातली भाकड म्हैस यापेक्षा कितीतरी कमी. २०१९ च्या पशुगणनेत देशात जवळपास ११ कोटी म्हशी आणि १९ कोटींच्या वर गाई-बैल होते, तेव्हा एकच आकडा सगळ्यांना लावण्याऐवजी दुधाळ, भाकड, वासरं असे गट पाडून चाऱ्याची माहिती घेतली तर केवढा फरक पडेल विचार करा. पशुगणनेच्या प्रगणकाला चाऱ्याचे तीन जादा प्रश्न विचारायला शिकवणं, एवढीच ती क्षमतावाढ.

सांडपाण्यात लोक ज्या गल्लतीत अडकतात ती म्हणजे मैला नक्की कुठे जातो. माणशी दिवसाला ३४ ग्रॅम बीओडी, म्हणजे सांडपाण्यातल्या कुजणाऱ्या घाणीचं माप, धरतात. सेप्टिक टँकमध्ये गेला तर वर्षाला माणशी ३.७ किलो मिथेन, थेट समुद्रात गेला तर पाऊण किलो. वरळी-वांद्र्याचे समुद्रात सोडणारे पाइप एकीकडे आणि वस्त्यांतल्या सार्वजनिक शौचालयांच्या टाक्या दुसरीकडे, दोन्ही एकाच रकान्यात घातले तर उत्तराला काही अर्थच नाही.

कोळशात मात्र आपण पुढे आहोत. खाणींची गॅसप्रमाणे वर्गवारी आधीपासून आहे, सीआयएमएफआरने प्रत्यक्ष मोजून भारताचे स्वतःचे गुणांक काढले, उधारीचे नाही. बाकी क्षेत्रांनी हेच उदाहरण समोर ठेवायला हवं.

पायरी ८: अनिश्चितता लिहायला शिकवा

आपल्याकडे आकड्याशेजारी "कमी-जास्त इतके टक्के" लिहायला लोक घाबरतात, वरचे साहेब म्हणतील तुम्हाला नक्की माहीतच नाही का. उलट ते लिहिणं हीच माहिती असल्याची खूण आहे. सोपा नियम: कचऱ्याच्या वजनात ३० टक्के अनिश्चितता, गुणांकात ४० टक्के, तर एकूण ७० नाही, दोन्हींचे वर्ग करून बेरीज आणि वर्गमूळ, म्हणजे ५० टक्के. आता काटा सुधारून वजनातली ३० ची १० केली तर एकूण ४१. गुणांक ४० चा २० केला आणि काटाही सुधारला तर २२. पैसे कुठे घालायचे हे असं कळतं.

जुन्या रिपोर्टमध्ये मिथेनसाठी २१ पट वापरायचे, पॅरिस करारातल्या नव्या रिपोर्टिंगला २८ लागतं. दोन वर्षांची तुलना करताना मूळ मिथेनचे टनच बघा, नाहीतर काहीही न बदलता उत्सर्जन एक तृतीयांशाने वाढलेलं दिसेल.

पायरी ९: ट्रेनिंग कसं घ्यायचं

हॉटेलातल्या दोन दिवसांच्या वर्कशॉपने काही होत नाही, एवढं मी अनुभवाने ठामपणे सांगतो. काट्यावरच्या लोकांना अर्धा दिवस, त्यांच्याच केबिनमध्ये, मराठी-हिंदीत, आणि तीन महिन्यांनी परत. ज्युनियर इंजिनियर आणि लॅबवाल्यांना पाच दिवस, त्यातले दोन साइटवर, आणि घरी जाताना प्रत्येकाकडे स्वतःच्या शहराचा पूर्ण हिशोब तयार पाहिजे, उदाहरणातल्या शहराचा नाही. अधिकाऱ्यांना दोन तास पुरेत, त्यात फक्त एवढंच की खालून "अंदाज" लिहिलेला आकडा आला तर ओरडायचं नाही. शेजारच्या दोन शहरांनी एकमेकांच्या फाइली तपासायच्या, ठाण्याने मुंबईची, मुंबईने ठाण्याची, चुका भराभर सापडतात. ज्यांना पुढे जायचंय त्यांनी यूएनएफसीसीसीच्या तपासनीस तज्ज्ञांच्या परीक्षा द्याव्यात, दुसऱ्या देशाचा रिपोर्ट तपासताना जे शिकायला मिळतं ते इथे बसून मिळत नाही.

आणि बदली. शिकवलेला माणूस दोन-तीन वर्षांत दुसऱ्या खात्यात जातो आणि सगळं त्याच्याबरोबर जातं, हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं नुकसान. प्रत्येक जागेवर दोन माणसं तयार करा, एक कायम आणि एक जोडीला, आणि एकाच फाइलमध्ये हे सगळं ठेवा: साखळीचा नकाशा, प्रत्येक आकडा कुठून आला, कुठला गुणांक आणि का, कुठे अंदाज केला, यंत्रांच्या कॅलिब्रेशनच्या तारखा, मागच्या वर्षी सापडलेल्या चुका. फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, कुणाच्या खाजगी पेनड्राइव्हवर नाही.

त्या काट्यावरच्या मुलाची मध्यंतरी बदली झाली. महिन्याभराने नवीन आलेल्या मुलीचा फोन आला, माझा नंबर तिला फाइलमध्ये मिळाला होता. म्हणाली, "सर, रजिस्टरमध्ये १४ नंबरच्या गाडीसमोर लाल खूण आहे, ती कशाची?" तिला सांगितलं, रिकाम्या वजनात फरक आलाय, गाडी परत काट्यावर घ्या. फोन ठेवल्यावर फाइल उघडून बघितली तर लाल खुणेचा अर्थ आम्ही कुठेच लिहिलेला नव्हता. आता तो पहिल्या पानावर आहे, आणि तिच्याच अक्षरात आहे.